आधी यादी कुणी केली ते सांगा

शनिवारी सकाळी पुण्याहून आलो, बॅग घरात टाकली आणि नेहमीच्या चहाच्या गाडीवर गेलो. कप हातात पडायच्या आधी प्रश्न पडला.

"काय भावा, अण्णांना ठेवायचं का घालवायचं?"

मंडळी, ज्यांना कोल्हापूर म्हणजे फक्त अंबाबाई, चप्पल आणि तांबडा-पांढरा एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडं नमन. इथं फुटबॉल तालमीचा असतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या मूळच्या कुस्तीच्या तालमी. लाल माती राहिली बाजूला आणि पोरं बॉलच्या मागं लागली. संघ पेठेचा, खेळाडू गल्लीतला, आणि शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेला प्रत्येक माणूस जन्मतःच कोच. आमचे खरे कोच अण्णा. हे तीस वर्षांपूर्वी याच तालमीकडून सेंटर हाफ खेळायचे. आता एका फौंड्रीत शिफ्ट करतात आणि उरलेल्या वेळात आम्हाला सांभाळतात. (आमच्या तालमीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला पेठेत परत जायचंय.)

मागच्या रविवारी आम्ही टायब्रेकरवर हरलो आणि स्पर्धेबाहेर गेलो. त्याआधी एक गोल आमच्या डाव्या बाजूनं, अगदी फुकट खाल्ला होता. गॅलरीतून "अण्णा, घरी जावा" सुरू झालं. खोटं कशाला बोलू, त्यात माझाही आवाज होता. मॅच संपल्यावर अण्णा बाटल्यांचा क्रेट स्वतः उचलून चालले होते. माझ्याकडं बघून नेहमीसारखं म्हणाले, "कधी आलास रं?" तेव्हापासून आठवडाभर ऑफिसात बसून मी एकच गोष्ट घोळवतोय.

डाव्या बाजूला उभा असलेला पोरगा उजव्या पायाचा होता. त्याला तिथं का उभं केलं, हा अण्णांवरचा एक नंबरचा आरोप. बरोबर आहे, केलं. दुसरं कोण होतं? आमचा डावा बॅक मोसमाच्या तोंडाला दुसऱ्या पेठेत गेला, कारण तिकडं पैसे जास्त होते आणि इकडं त्याला थांबवायला कोणी त्याच्या घरी गेलं नाही. अण्णा गेले होते, पण अण्णांच्या खिशात काय असणार? खेळाडूंची नोंदणी करायची यादी तालमीच्या बैठकीत ठरली. पुढाऱ्याच्या जवळचे दोघं आत आले, बाहेरचा एक स्ट्रायकर आणला, त्याच्या फोटोचा डिजिटल बोर्ड चौकात लागला. ती यादी अण्णांना फोटोकॉपी करून दिली गेली. फोटोकॉपी! आपल्या संघात कोण आहे हे कोचला झेरॉक्सच्या दुकानातून कळलं.

सरावाचं तर विचारूच नका. पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं होतं हे अख्ख्या शहराला माहीत आहे. मोसम सुरू होईपर्यंत अर्धी पोरं कामाला, अर्धी कॉलेजला. पूर्ण अकरा जण एकत्र सरावाला आले असे दिवस मोजायला दोन हाताची बोटं पुष्कळ झाली.

पण यादी करणारे गॅलरीत व्हीआयपी खुर्चीवर बसतात आणि कोच टचलाइनवर उभा असतो. शिवी घालायला उभा माणूस सोपा.

चहावर यावर उत्तर ठरलेलं असतं. "मर्दा, मग ते मँचेस्टरवाले येडे हायत काय?" आमच्याकडं इंग्लंडची मॅच रात्री जागून बघणारी पोरं कमी नाहीत. तर मँचेस्टर युनायटेडनं 2014 ला मॉयसला घालवलं, 2016 ला व्हॅन हालला, 2018 ला मोरिन्यूला, 2021 ला सोल्शायरला, 2024 ला टेन हागला. आणि 2013 नंतर या सगळ्यांत मिळून लीगची ट्रॉफी किती वेळा आली? एकदाही नाही. येडे आहेत की नाहीत ते तुम्हीच ठरवा.

पण तिकडं कशाला जायचं, आपल्या पुण्याचंच बघा. एफसी पुणे सिटी. 2014 ला कोलोम्बा, 2015 ला डेव्हिड प्लॅट, 2016 ला हबास. दरवर्षी नवा साहेब, नवी पद्धत, नवी भाषा. 2017-18 ला पोपोविच आला आणि संघ पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचला. आम्ही ऑफिसातले चार जण बालेवाडीला जायचो, आवाज बसेपर्यंत ओरडायचो. वाटलं, आता जमलं. पुढच्या मोसमात पोपोविच नव्हता! पोर्तुगाल नावाचा स्पॅनिश माणूस आला, मोसमाच्या सुरुवातीलाच गेला, मग फिल ब्राउन. पाच मोसमांत सहा कोच. 2019 ला क्लबच बंद झाला. पैशाची कारणं होती, मान्य. कोच बदलल्यामुळं क्लब बुडाला असं मी म्हणत नाही. पण बदलून तरला नाही, एवढं तर दिसतंय ना?

आता दुसरी गोष्ट, मुंबईची. मुंबई एफसीनं 2009 ला खालिद जमीलला कोच केलं आणि सात वर्षं ठेवलं. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू कमी. मोठी ट्रॉफी एकही नाही. खेळ कंटाळवाणा, लांब बॉल मारतात, अशी ओरड होतीच. पण त्या सात वर्षांत संघ आय-लीगमधून एकदाही खाली गेला नाही. 2016 ला खालिद गेला. 2016-17 च्या एकाच मोसमात मुंबईनं दोन कोच वापरले, तळाला राहिले, आणि मग क्लबच संपला. त्याच मोसमात खालिदनं मिझोरामच्या ऐजॉलला आय-लीग जिंकून दिली. मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून! आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये तोच माणूस भारताचा कोच झाला. लांब बॉल मारणारा, कंटाळवाणा खालिद.

आमच्या धंद्यात याला सर्व्हर रिस्टार्ट करणं म्हणतात. प्रोग्राममध्ये मेमरी गळते, दर आठ-दहा दिवसांनी सगळं मंदावतं. कोणीतरी रिस्टार्ट करतो, गाडी सुसाट सुटते, सगळे टाळ्या वाजवतात. गळती तिथंच. नवा कोच आला की पहिल्या तीन मॅच पोरं जीव तोडून पळतात, ती हीच सुसाट गाडी. चौथ्या मॅचला डावा बॅक लागतो, आणि तो दुसऱ्या पेठेत असतो. (प्रोजेक्टला उशीर झाला की मॅनेजर बदलणाऱ्या कंपन्याही मी पाहिल्यात. त्यावर लिहिलं तर नोकरी जाईल. असो.)

याचा अर्थ कोच कधीच बदलू नये असा नाही. पोरं ऐकेनाशी झाली, कोच स्वतःच्या पाहुण्याला खेळवायला लागला, पंधरा वर्षं जुनाच खेळ रेटत राहिला, तर खुशाल बदला. अण्णांच्याही चुका आहेत. बदली खेळाडू पाठवायला ते फार उशीर करतात. त्या रविवारी दमलेल्या पोरांनाच टायब्रेकर मारायला लावला, ही त्यांचीच चूक. पण ज्याला खेळाडू निवडू दिले नाहीत, त्याच्याकडून निकालाचा हिशेब मागायचा आणि ज्यांनी निवडले त्यांना नारळ-शाल द्यायची, हे माझ्या डोक्यात बसत नाही.

उद्या संध्याकाळी तालमीत बैठक आहे. नवा कोच कोण, यावर दोन नावं आधीच फिरतायत, म्हणजे निकाल लागल्यातच जमा. मी जाणार आहे, आणि एकच मागणी करणार आहे. कोच कोणीही ठेवा, पण येत्या मोसमाची यादी त्याच्या सहीशिवाय नोंदणीला जाता कामा नये, आणि यंदाची यादी ज्यांनी केली त्यांनी उठून हात वर करावा. चहाच्या गाडीवर हे बोललो तर सगळे गप्प झाले. मग एक जण म्हणाला, "तू पुण्याचा झालास." दुसरा म्हणाला, "बोल, पर माझं नाव घेऊ नगंस."

तिथून उठून मैदानाकडनं घरी आलो. अण्णा चौदा वर्षांखालच्या पोरांना घेऊन उभे होते. बॉल तीन आणि पोरं बावीस. एका डावखुऱ्या पोराला ते परत परत एकच पास मारायला लावत होते. मी कठड्यावर थोडा वेळ बसलो. रविवारच्या ओरडण्याबद्दल काहीतरी बोलायचं होतं, पण ते मध्येच वळून म्हणाले, "बसलाईस काय नुसता? तो बॉल गटारीत गेलाय, घे जरा."