मातेचे वय आणि अणशीचा घाट

गोव्याच्या सीमेला भिडलेल्या जोयडा तालुक्यातील अणशी आता वाघांसाठी ओळखली जाते. १९८७ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे ते व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. या अरण्यातील विखुरलेल्या वाड्यांतूनही पाळणे हलतात, हे मात्र राजधानीत बसलेल्यांच्या ध्यानी क्वचितच येते.

मातेच्या वयाचा अर्भकाच्या प्रकृतीशी निकटचा संबंध आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. पस्तिशीनंतर रक्तदाब व मधुमेहाचे भय वाढते. विसाव्या वर्षी सुमारे दीड हजारांत एका अर्भकात आढळणारा डाऊन लक्षणसमूह मातेच्या चाळिशीत शंभरांत एकाच्या वाट्याला येतो. पणजी-मडगावच्या सुशिक्षित घरांतील चिंता बहुधा हीच, आणि तिच्या निवारणासाठी तज्ज्ञही हाताशी असतात. दुसरे टोक अधिक दुर्लक्षित आहे. अठराच्या आतील मुलीची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते. त्यात रक्तक्षय असला तर अपुऱ्या दिवसांचे वा अडीच किलोहून कमी वजनाचे मूल जन्मण्याची शक्यता बळावते.

मुलींच्या विवाहाचे वय १९२९ च्या शारदा कायद्याने चौदा, तर १९७८ च्या दुरुस्तीने अठरा केले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. त्यातच २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अल्पवयीन मुलीच्या गरोदरपणाची वर्दी पोलिसांना देणे डॉक्टरांवर बंधनकारक ठरते. कायद्याचा हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु खटल्याच्या धास्तीने घरचे लोक मुलीचे वय चोरतात, नाहीतर नोंदणीच टाळतात. आणि जिला तपासणीची सर्वाधिक गरज, तीच दवाखान्याला पारखी होते. वय बदलता येत नाही. रक्तक्षय मात्र वेळीच हटवता येतो, आणि तोही फार खर्चावाचून.

अणशीसारख्या ठिकाणी याला अंतराची जोड मिळते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की कारवारची वाट तुटते, आणि अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण तर सांगून येत नाही. महाराष्ट्राने आदिवासी भागांत ‘माहेरघर’ योजना काढून गरोदर स्त्रीला प्रसूतीपूर्वीच आरोग्य केंद्राजवळ राहण्याची सोय केली. कर्नाटक सरकारने जोयड्यात तसेच घर उभारावे, कोवळ्या वयाच्या व रक्तक्षय असलेल्या मातांना तेथे काही आठवडे आधीच आणावे, आणि दारात वयाचा दाखला मागू नये. मृगाच्या आत हे झाले, तर यंदाच्या पावसाळ्यातच त्याचा उपयोग होईल.