सतार मिरजेची, हात कोणाचे?

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वर्तमानपत्रांनी कौतुकाने बातम्या छापल्या. आनंदच आहे. पण या आनंदात सामील होताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. मिरजेची सतार महाराष्ट्राची, तर ती घडविणारा शिकलगार कोणाचा?

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा कारागीर. इंग्रजी अमलात तलवारींचे दिवस संपले आणि या जमातीच्या पोटावर पाय आला. तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली. त्यातून एक गल्ली उभी राहिली, ‘सतारमेकर’ हे आडनाव झाले. या वाद्याचा भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूने, भीमाकाठच्या शेतातून. तो वाळवायचा, कापायचा, त्यावर तबली बसवायची, दांडी जोडायची, खुंट्या लावायच्या आणि शेवटी जवारी काढायची. घोडीवर कानस किती फिरवायची हे कोणत्याही पुस्तकात नाही; ते कानात आणि बोटांत असते, बापाकडून मुलाकडे येते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले आणि 1937 मध्ये गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यातच विसावले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनांनी विठ्ठलाचे अभंग घराघरांत पोहोचविले. आता यातला ‘परका’ धागा कोणी वेगळा काढून दाखवावा. काढला तर उरेल काय?

तरीही तो वेगळा काढण्याचा उद्योग चालूच आहे. याच मिरजेत सप्टेंबर 2009 मध्ये गणेशोत्सवातील एका कमानीवरच्या अफझलखानवधाच्या चित्रावरून दंगल पेटली. फेब्रुवारी 2025 मध्ये पाथर्डी तालुक्यातील मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द केला, हे बरे झाले. परंतु ठराव कागदावरून पुसला म्हणजे मनातून पुसला जातो असे नाही. जत्रेत बांगड्या भरणारा मनियार, कुंकू-बुक्का विकणारा अत्तार, पानाचा तांबोळी, फळांचा बागवान हे जत्रेत घुसलेले लोक नव्हेत. त्यांच्यासकट जी भरते तिलाच आपल्याकडे जत्रा म्हणतात. त्यांना वगळून जे भरेल तो मेळावा असेल, जत्रा नव्हे.

हे झाले बाहेरच्यांचे. पण आपल्या घरात काय चालले आहे? मोहरमचे पंजे बसवू नका, ताबूत उचलू नका, उरुसाला जाऊ नका, वाद्याला हात लावू नका, असे सांगणारे आपल्यातही वाढले आहेत. संगीत जायज की नाजायज हा वाद उलेमांत जुना आहे. ज्याने त्याने आपल्या इमानाला स्मरून ठरवावे. त्यात बळजबरी नको. पण एवढे तरी ध्यानात घ्यावे की, एक म्हणतो, ‘ही परंपरा तुमची नाही, बाहेर व्हा’. दुसरा म्हणतो, ‘ही परंपरा आपली नाही, बाहेर पडा.’ दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना असली तरी दोघे मिळून एकाच माणसाला गावाबाहेर काढतात. तो माणूस म्हणजे आपला कारागीर.

तिसरे आहेत सलोख्याचे हौशी. कडेगावच्या गगनचुंबी ताबुतांची, कुरुंदवाडच्या मशिदींत बसणाऱ्या गणपतींची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून राग येत नाही; पण ‘मुस्लिम बांधवही सहभागी झाले’ हे वाक्य मात्र खटकते. सहभागी पाहुणा होतो. मिरजेच्या उरुसात चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ चढतो. तो सहभाग नसून मान आहे, आणि मान म्हणजे हक्क. आपला ग्रामीण सलोखा भाषणांतून उगवला नाही. ज्याचे काम त्याचा मान, या व्यवहारावर तो उभा होता. या व्यवहारात जातीची उतरंडही होती, हे लपवायचे कारण नाही. ती मोडलीच पाहिजे. पण ती मोडायची तर कारागिराला वर आणून. त्याला हाकलून नव्हे.

आणि ही उतरंड आपल्यातही आहे. इस्लाममध्ये जात नाही असे आपण व्यासपीठावर सांगतो आणि सोयरीक जुळवताना पिंजारी, शिकलगार, मनियार नेमके ओळखतो. कारागिराच्या मुलाने बापाचा धंदा सोडला की आपण म्हणतो, ‘पोरगा सुधारला.’ त्याने जरूर शिकावे, इंजिनिअर व्हावे. पण बापाचा धंदा लाज वाटण्यासारखा होता, हे त्याला कोणी शिकवले?

मानांकन मिळून काम संपत नाही. कायद्याप्रमाणे नाव गावाच्या मालाला मिळते. ते अधिकृतपणे वापरण्यासाठी प्रत्येक कारागिराला स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि मानांकनाचेही दर दहा वर्षांनी नूतनीकरण असते. ही कागदपत्रे भरून देणारा शिकलेला तरुण प्रत्येक गल्लीत हवा. नाहीतर नाव मिरजेचे, नफा व्यापाऱ्याचा आणि कानशीने सोललेली बोटे शिकलगाराची, असेच चालेल.

1990 साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरले, ते आम्ही मराठीच आहोत हे सांगण्यासाठी. ते वारंवार सांगून झाले. आता सिद्ध करण्याची जबाबदारी आपली नाही. आपली जबाबदारी आहे ती लिहून ठेवण्याची. पिंजाऱ्याची धुनकी, मनियाराची लाख, सतारमेकराची जवारी यांचे शब्द त्यांच्या तोंडून टिपून घ्या. शहरातल्या उदासीवरच्या गझला थोड्या कमी झाल्या तरी चालतील. ज्या हातांनी या मुलखाचा सूर जुळवला, त्या हातांची नावे आपणच लिहिली नाहीत, तर ती इतरांनी पुसली अशी तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.