पाच तारे कोणासाठी?

आपल्या चंद्रपूरला उन्हाळा नवा नाही. वाळ्याच्या ताट्या झाल्या, कूलर आले आणि आता मध्यमवर्गीयांच्या वस्तीतही भिंतीभिंतीवर एसी दिसू लागले आहेत. काही प्राध्यापक मंडळी आजही त्याला चैन म्हणतात. परंतु मे महिन्यात ज्या घरी दम्याची म्हातारी किंवा तान्हे मूल आहे, त्या घरी जाऊन हा शब्द उच्चारण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही. तेव्हा एसी घ्यावा की नाही, हा वाद बाजूला ठेवू. प्रश्न आहे तो कोणता घ्यावा हा. त्यावर दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांचे एकच उत्तर ठरलेले असते: "डोळे मिटून पाच तारे घ्या." माझे म्हणणे असे की, हा सल्ला डोळे उघडून ऐकला पाहिजे.

आधी ताऱ्यांचा अर्थ पाहू. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ साली झाला, २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि २०१० पासून एसीवर ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली. तेवढ्याच गारव्याला वीज जितकी कमी, तितके तारे अधिक. इथवर तक्रारीला जागा नाही. परंतु त्याच पट्टीवर वर्षाला किती युनिट लागतील हाही आकडा असतो, आणि तो वर्षाला १६०० तास यंत्र चालेल असे धरून काढलेला असतो. तारे सर्वांना दिसतात. हे १६०० तास कोणाच्या ध्यानात येत नाहीत. सारी गोम तेथेच आहे.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, तीन ताऱ्यांच्या एसीवर ९७५ युनिट लिहिले आहेत व पाच ताऱ्यांच्या एसीवर ७७५. फरक २०० युनिटांचा. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला २००० रुपये वाचले. दुकानात दोहोंच्या किमतीत १०,००० रुपयांचे अंतर असेल, तर पाच वर्षांत ते भरून निघेल. उत्तम सौदा! पण ज्या घरात एप्रिल आणि मे असे दोनच महिने, रात्रीचे सहा तास एसी लागणार, तेथे वर्षाचे तास होतात अवघे ३६०. त्या प्रमाणात बचत उरते ४५ युनिटांची, म्हणजे ४५० रुपयांची. आपल्याकडचे ऊन कडक, म्हणून ही बचत दुप्पट धरली तरी ९०० रुपये. मग १०,००० रुपये वसूल व्हायला अकरा वर्षे लागतील! तोवर यंत्र टिकेल काय? आणि हे पैसे हप्त्याने फेडायचे असतील तर व्याज वेगळेच.

याउलट ज्यांच्या घरी दिवसरात्र एसी चालतो, ज्यांचे विजेचे बिल ३०० युनिटांच्या पुढच्या महागड्या टप्प्यात जाते, त्यांनी तीन ताऱ्यांचा एसी घेणे हा निव्वळ अविचार होय. बँका, कचेऱ्या, मंगल कार्यालये आणि खोलीगणिक एसी लावणारे सुखवस्तू लोक यांच्यासाठीच पाच तारे आहेत. त्यांच्यावर तर ते बंधनकारकच असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल, "हा केवळ पैशाचा विचार झाला; राष्ट्राच्या विजेचे काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे आणि ते कोळशावर चालते. त्या कोळशाची धूळ आणि राख यांची ओळख चंद्रपूरकरांना करून देण्याची गरज नाही. परंतु पाच ताऱ्यांचा एसी १८ अंशांवर लावून वर रजई पांघरणारा आणि तीन ताऱ्यांचा एसी २६ अंशांवर ठेवून पंखा लावणारा, या दोघांत कोळसा कोणी वाचवला? एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे तो ब्युरोच सांगतो. २०२० पासून नवीन एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावा असा नियम झाला, तो याचसाठी. परंतु पुढे बोट कोठे थांबवायचे, हे नियमाने ठरत नाही.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरातच काही गोष्टी पाहाव्यात. वर स्लॅब तापत असेल तर आधी गच्चीला चुना द्यावा. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावावा. आपली हवा कोरडी असते तोवर कूलर दोनशेएक वॅटमध्ये खोली गार करतो. दीड टनाचा एसी भर जोरात असला की दीड हजार वॅटच्या घरात जातो. मात्र कूलरला पाणी लागते आणि पहिल्या पावसानंतर त्याची मात्रा चालत नाही, हेही खरे. 'टन' म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ओढून घेण्याची ती शक्ती आहे. दहा बाय बाराच्या खोलीला सहसा एक टन पुरतो. दुकानदार दीड टन सुचवील तर कारण विचारावे. पट्टीवरचे वर्षही पाहावे. जुलै २०२२ मध्ये मोजमाप कडक झाले तेव्हा कालचे पाच तारे चार झाले होते.

आमच्यासारख्या कित्येक घरांत कागद वाचण्याचे काम शिकणाऱ्या मुलाकडे येते. वडील पैसे मोजतात आणि म्हणतात, "तू वाच, काय लिहिलंय ते." त्या वेळी आपण नुसते तारे वाचून दाखवले, तर ते काम दुकानदाराने आपल्यापूर्वीच केलेले असते. आपण तास मोजावेत, युनिट पाहावेत, बिलाचा टप्पा पाहावा आणि मग सांगावे. महाविद्यालयात शिकलेला बेरीज-गुणाकार घरच्या कष्टाच्या पैशासाठी वापरता आला नाही, तर त्या शिक्षणावर तारे तरी किती लावायचे?