पोथीचे धनी

गेल्या पितृपंधरवड्यात शिरूर तालुक्यातील एका सुशिक्षित कुटुंबाने दोन रुमाल भरून जुन्या पोथ्या दौंड येथे भीमेच्या पात्रात सोडून दिल्या. घराची वाटणी झाली होती, माळा रिकामा करावयाचा होता, आणि पोथ्यांस नैवेद्य दाखविणारे वडील माणूस उरले नव्हते. कारण म्हणावयाचे तर एवढेच. त्यापूर्वी दोनदा आम्ही त्या घरी गेलो होतो. आम्ही पोथ्या मागितल्या नव्हत्या. ओसरीवर बसून छायाचित्रे घेऊ द्या, इतकेच म्हटले होते. यजमानांनी चहा दिला आणि एका पोथीचे अखेरचे पान दुरून दाखविले. वेदान्ताचे काही प्रकरण होते. लेखकाने शेवटी शक घातला होता, आणि त्याखाली तीन निरनिराळ्या वळणांच्या अक्षरांत पुढील तीन धन्यांची नावे होती. चौथे नाव यजमानांचे पडावयाचे. ते म्हणाले, "सर, परक्याच्या हाती विटंबना होण्यापेक्षा गंगेस मिळालेल्या बऱ्या."

यजमान पदवीधर आहेत, आणि घरात वर्तमानपत्रे दोन येतात. अडाण्याने पोथी चुलीत घातली तर आम्ही त्याच्या अज्ञानाची कीव करू. पण ज्याला ती वाचता आली असती, निदान वाचणारा कोण हे ठाऊक होते, त्याने ती बुडवावी आणि वर त्यास श्रद्धा म्हणावे, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. पोथी नकलून घेणाऱ्याने ती बोरूने ओळ ओळ उतरली, चुकले तेथे हरताळ फासून अक्षर सुधारले. असली मेहनत तो कशासाठी करीत होता? दसऱ्यास गंध लावून पुन्हा बासनात बांधण्यासाठी खास नव्हे.

धनी कसा असावा हे पाहावयाचे तर थोडे दूर जाऊ. लुक्रेशियस हा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन कवी. सृष्टी परमाणूंची झालेली आहे, देव मनुष्याच्या व्यवहारात पडत नाहीत, आणि मरणाबरोबर जीवही विरतो, हे एपिक्युरसाचे तत्त्वज्ञान त्याने लॅटिन पद्यात सांगितले. ख्रिस्ती मठांस याहून अप्रिय मत कोणते असणार? तरी त्या ग्रंथाच्या आज ज्या सर्वांत जुन्या प्रती आहेत, त्या नवव्या शतकातल्या, म्हणजे ख्रिस्ती हातांनीच लिहिलेल्या आहेत. त्यांतील एकीवरील दुरुस्त्या डुंगल नावाच्या आयरिश पंडिताच्या हातच्या आहेत, असे हस्ताक्षरतज्ज्ञांनी ठरविले आहे. हा डुंगल ख्रिस्ती धर्माचा अभिमानी. पण मत पटत नाही म्हणून त्याने ओळ गाळली नाही, अशुद्ध होती ती शुद्ध केली. ही प्रत व तिची एक चौकोनी भगिनी पुढे आयझाक व्हॉसियस या विद्वानाच्या संग्रही आली, आणि त्याच्या मृत्यूनंतर 1690 साली लायडनच्या विद्यापीठाने तो सारा संग्रह विकत घेतला. दोन्ही प्रती आजही तेथे आहेत. प्रामुख्याने त्यांच्याच आधाराने लाखमान या जर्मन संपादकाने 1850 मध्ये शुद्ध पाठ सिद्ध केला. इतकेच नव्हे, तर साऱ्या प्रतींची जी नष्ट झालेली मूळ प्रत, तिच्या पानावर 26 ओळी होत्या, हेही त्याने चुकांवरून ताडले. पुण्यास भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी महाभारताची प्रत सिद्ध करताना हीच विद्या आपल्या पोथ्यांस लावली. ती ते बर्लिनहून शिकून आले होते.

याच ग्रंथाची दुसरी हकीकत अधिक बोलकी आहे. 1417 मध्ये पोज्जो नावाच्या इटालियन पंडितास जर्मनीतील एका मठात लुक्रेशियसची पोथी आढळली. त्याने नक्कल करवून ती फ्लॉरेन्सला आपला मित्र निकोली याजकडे पाठविली. निकोलीने ती दहा वर्षांहून अधिक काळ परत केली नाही, आणि पोज्जो पत्रांवर पत्रे लिहीत राहिला. (पुस्तक उसने नेणारे सर्व देशांत सारखेच!) पुढे मठातली पोथी नाहीशी झाली, पोज्जोची नक्कलही गेली. राहिली ती त्या विसरभोळ्या मित्राने स्वहस्ते केलेली प्रत. दोन प्रती बुडाल्या तरी ग्रंथ बुडाला नाही, कारण कोणी तरी तो उतरून घेतला होता.

हा परकीयांचा पवाडा कशाला, असे कोणी म्हणेल, तर घरचेच उदाहरण देतो. आमच्याकडील चार्वाकांचे ग्रंथ कोठे आहेत? त्यांची मते बहुतेक विरोधकांच्या खंडनातूनच कळतात. जयराशिभट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह' हा प्रमाणमात्राचाच उच्छेद करणारा ग्रंथ मात्र वाचला; त्याची एकमेव ताडपत्री प्रत 1926 साली पाटणच्या जैन भांडारात सापडली आणि 1940 मध्ये ती छापली गेली. जैनांस त्याचे मत थोडेच पटत होते? आणि ग्रीक-लॅटिनाशी या तालुक्यांचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी दौंड तालुक्यातील केडगाव आठवावे. तेथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मूळग्रंथ पुढे ठेवून बायबल मराठीत उतरविले. 1922 साली देह ठेवीपर्यंत त्यांचे ते काम चालू होते.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि यजमानांनी तोही घेतला होता. विद्वानांच्या हाती गेलेली पोथी तरी सुखरूप राहते काय? राजवाड्यांनी 1909 साली ज्या जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली, ती मूळ प्रत आज उपलब्ध नाही. भांडारकर संस्थेवर 5 जानेवारी 2004 रोजी जमाव चालून गेला आणि त्याने नासधूस केली. या दोन्ही गोष्टी आम्हांस नाकारता येत नाहीत, व विद्वानांच्या निष्काळजीपणाची वकिली आम्ही करणार नाही. पण राजवाड्यांची प्रत गेली तरी तिचा पाठ छापून राहिला आहे. ती एकनाथपूर्व होती की नव्हती, यावर अभ्यासक अजून भांडू शकतात. भीमेत गेलेल्या त्या वेदान्तप्रकरणावर कोणी काय भांडणार? त्यात काय लिहिले होते, हेच कोणास माहीत नाही. आणि पोथी देऊन टाका असे आम्ही कोठे म्हणतो? ती आपल्याच घरी, आपल्याच बासनात राहू द्या. छायाचित्र काढल्याने पानाचे अक्षर झिजत नाही, की घराण्याचे पुण्य उणे होत नाही.

घोडनदीच्या अलीकडे आणखी एका वाड्यात पाच पोथ्या आहेत, असे आम्हांस कळले आहे. तेथील वयोवृद्ध मालकीणबाईंनी प्रथम "आषाढी होऊ द्या" म्हणून सांगितले, मग "गणपती होऊ द्या" म्हणून. परवा निरोप आला आहे, दिवाळीनंतर या. आम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी जाणार आहो.