मोटर न तपासता भरणारे

'सर्व्हर डाऊन' या उत्तरावर मी मागे लिहिलेला लेख वाचून एका दुकानदाराने मला सुनावले होते, आम्ही काय मुद्दाम करतो का? मुद्दाम नाही हो. पण या आठवड्यात शेजारच्या आप्पांचा लॅपटॉप गावातल्या दुकानातून परत आला आणि त्या लेखातला एकही शब्द मागे घ्यावासा वाटेना.

आप्पांचा इंटरनेटचा डोंगल चालत नव्हता. मळ्यात वाय-फाय नाही, फोन पोराबरोबर मार्केटला जातो, म्हणून लॅपटॉपला तो जुना पांढरा हुआवेचा डोंगल. 'कनेक्टेड' म्हणायचा, पान काही उघडायचे नाही. दुकानदाराने डोंगल हातातसुद्धा घेतला नाही. लॅपटॉप चालू केला आणि निकाल दिला, "आप्पा, फॉरमॅट मारनं पडी." मारला. त्यात डाळिंबाच्या फवारण्यांच्या नोंदी गेल्या. डोंगल मात्र पहिल्यासारखाच, कनेक्टेड आणि ठप्प.

याच आप्पांची विहिरीवरची मोटर मागे अडली होती, तेव्हा काय झाले ते पाहा. मोटर नुसती हूं हूं करत होती, उचलत नव्हती. वायरमन आला, पण त्याने मोटरीला हात लावला नाही. होल्डरला दोन वायरी काढलेला बल्ब पिशवीतून काढला आणि स्टार्टरच्या अलीकडे एकेक फेज पाहिला. दोनवर लख्ख, तिसऱ्यावर पेटेना. डीपीवर जाऊन फ्यूज घातला, काम झाले. तिन्ही फेज असते तर त्याने स्टार्टर उघडला असता, मग रिले, मग केबलचा जॉइंट. मोटर फिरतेय पण पाणी फेकत नाही असे असते तर फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का, पाइप पाणी धरतोय का, हे बघितले असते. वीज जिथून येते तिथून निघायचे आणि टप्प्याटप्प्याने पाण्यापर्यंत जायचे. आमच्या कसमादे भागात हा क्रम शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही पाठ असतो. 'आधी मोटरीचे वाइंडिंग भरून आणू, मग बघू' असे एखादा वायरमन म्हणाला तर आप्पा त्याला बांधाबाहेर घालवतील. तेच आप्पा फॉरमॅटचे पैसे मुकाट्याने देऊन आले.

डोंगलला तर वायरमनचा बल्ब अंगातच बसवलेला असतो. हुआवेच्या त्या जुन्या डोंगलांवरचा दिवा थोड्या थोड्या वेळाने दोनदा लुकलुकला तर समजायचे, नुसता करंट मिळालाय, टॉवर सापडलेला नाही. जोडला गेल्यावर हिरवा राहिला तर टूजी, निळा राहिला तर थ्रीजी. आप्पांचा दिवा हिरवा होता. टूजीवर आजचे पान उघडायची वाट बघणे म्हणजे कठीणच. आणि निळा तो होणारही नव्हता. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्रीजी गुंडाळायला सुरुवात केली, बटणाच्या फोनवाल्यांसाठी टूजी ठेवले. बाकीच्यांची वाटही तीच. जिओ तर २०१६ च्या सप्टेंबरात आले तेच निव्वळ फोरजी घेऊन. त्यांचे सिम थ्रीजी डोंगलात घातले तर टूजीसुद्धा मिळत नाही. दोष टॉवर आणि डोंगल यांच्या मध्ये, आणि उपचार विंडोजवर!

माझा जुना संशय आहे, पुरावा मागू नका: फॉरमॅटचा दर ठरलेला असतो, तपासण्याचा नसतो. म्हणून कोणी तपासत नाही.

डोंगलच्या कंपन्याही कमी नाहीत. डोंगल लॅपटॉपला लावला की तो आधी 'मी सीडी ड्राइव्ह' म्हणून ओळख देतो, कारण ड्रायव्हर त्याच्याच पोटात असतो. तो बसला की डोंगल सोंग टाकून मोडेम होतो. कधी सोंगातच अडकतो, मग 'मशीन ओळखत नाही' म्हणून पुन्हा फॉरमॅट. त्या खोट्या सीडीवर राइट क्लिक करून 'इजेक्ट' केले तरी बऱ्याचदा भागते. लिनक्सवाल्यांसाठी यूएसबी मोडस्विच नावाचा फुकट प्रोग्राम आहे. मधेच तुटत असेल तर पोर्ट बदला, हब काढा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि साल्हेर-मुल्हेरच्या डोंगराआड, सिग्नल क्षीण असला की डोंगल जास्त करंट ओढतो. सिग्नल आकड्यात हवा असेल तर मोडेमला 'एटी+सीएसक्यू' विचारा. ही एटीची बोली १९८१ च्या हेज मोडेमपासून चालत आलीय. उत्तर ० ते ३१ मध्ये येते, ९९ आले तर मोजताच आले नाही. डोंगलच्या सेटिंगमधले एपीएन आणि *९९# हा डायल नंबर तपासायला तर पाच मिनिटेही लागत नाहीत.

पण एवढे कोण करणार? ई-पीक पाहणीपासून विम्यापर्यंत सगळे ऑनलाइन करून कार्यालये मोकळी झाली. दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणाऱ्या मामलेदाराला ज्या सटाण्याने देव केले, तिथला शेतकरी आता हिरव्या दिव्याकडे बघत बसतो.

आप्पांना मी काही गोष्टी सांगितल्या. नोंदी परत हव्या असतील तर त्या लॅपटॉपवर नवे काही साठवू नका. जुन्या फायलींवर नवे लिहिले गेले की त्या कायमच्या गेल्या. आणि पोराचा फोन घरी असेल तेव्हा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. नवा डोंगल घ्यायचाच तर डब्यावर नुसते 'फोरजी' बघून भुलू नका. बीएसएनएलचे फोरजी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालते. त्यातला ७०० चा, म्हणजे बँड २८, जुन्या डोंगलांपैकी बऱ्याचशांत नसतो. बँडचा तक्ता बघून, आणि जमल्यास दुकानातच सिम घालून, मगच पैसे द्या. पाकीट फोडलेला डोंगल कोणी परत घेत नाही.