मोटार म्हणजे तिजोरी नव्हे

बंगळुरूच्या पूर्वेकडील होसकोटे हे नाव मराठी इतिहासाला परके नाही. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत त्याचा समावेश होता. 1768 च्या ऑगस्टात गुत्तीच्या मुरारराव घोरपडे यांच्या येथील छावणीवर हैदरअलीने रात्री छापा घातला होता. त्या काळी शस्त्र उघडपणे मिरवले जाई; आज कायदाच ते झाकून नेण्याची सक्ती करतो. आता होसकोटे हे महामार्गांचे नाके झाले आहे. पुण्याहून निघालेली मोटार कोगनोळी, बेळगाव, हुबळी, तुमकूर असा प्रवास करून दाबसपेठहून बाह्य वर्तुळमार्गाने, बंगळुरू शहराला स्पर्शही न करता, येथे पोहोचते आणि पुढे कोलार वा चेन्नईची वाट धरते. अशा मोटारीच्या कप्प्यात किंवा डिकीत परवान्याचे पिस्तूल असेल, तर त्याचा जबाबदार कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

शस्त्र नियम 2016 याबाबत पुरेसे स्पष्ट आहेत. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते कमरेच्या म्यानात किंवा तत्सम पिशवीत, पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि नेणाऱ्याचे त्यावर परिणामकारक नियंत्रण असले पाहिजे. यातील पहिली अट सर्वांना ठाऊक असते. दुसरी सोयिस्करपणे विसरली जाते. साहेब बैठकीला गेले, पिस्तूल आसनासमोरच्या कप्प्यात राहिले आणि मोटार वाहनतळावर उभी आहे. शस्त्र झाकलेले आहे खरे. पण नियंत्रण कोणाचे? काच फोडायला दगड पुरतो. चोरीस गेलेले ते पिस्तूल त्या क्षणापासून गुन्हेगारी बाजारातला माल ठरते.

यापेक्षा गंभीर बाब त्या मोटारीच्या चालकाची आहे. शस्त्र अधिनियम 1959 चे तिसरे कलम परवाना नसलेल्या व्यक्तीला दुसऱ्याचे शस्त्र नेण्याची मुभा देते, परंतु परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, आणि तेही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण अथवा धारकाच्या स्वतःच्या वापरासाठीच. प्रत्यक्षात किती चालकांच्या खिशात असे पत्र असते? शस्त्र अंगावर नसले तरी त्यावर सत्ता चालत असेल तर तो ताबाच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली गुणवंतलाल खटल्यात म्हटले आहे. तो ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, हेही न्यायालयांनी सांगितले आहे. पण ‘मला ठाऊक नव्हते’ हे न्यायालयात सिद्ध होईपर्यंत चालकाची नोकरी आणि अब्रू दोन्ही गेलेल्या असतात. मालक मोठा असेल तर तो परवाना दाखवून सुटतो. चालकाकडे दाखवायला काहीच नसते.

दुसरा घटक म्हणजे परमुलखात बंदूकधारी रक्षक म्हणून राबणारा माणूस. स्वतःचा परवाना आणि स्वतःची बंदूक हीच त्याची नोकरीची पात्रता. परवाना मात्र ठरावीक क्षेत्रापुरता असतो. महाराष्ट्रापुरता परवाना असलेली बंदूक गाडीत टाकून तो निपाणीत शिरला की त्याचे कायदेशीर स्थान बदलते. राहण्याचे ठिकाण बदलल्यास नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला कळवावे लागते, आणि होसकोट्यात राहून बंगळुरूत पहारा करणाऱ्याला दोन निरनिराळी कार्यालये दिसतात. कारण होसकोटे शहराच्या पोलिस आयुक्तालयाबाहेर आहे. परवान्याची अट मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, तर विनापरवाना शस्त्रासाठी 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे कैद, अशी तरतूद आहे. या दोहोंपैकी कोणत्या कलमाखाली गुन्हा नोंदवायचा, हे प्रारंभी तरी तपास अधिकाऱ्याच्या आकलनावर अवलंबून राहते.

ही केवळ कागदी काटेकोरपणाची बाब नव्हे. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यासाठी वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाचे होते आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातील होता. शस्त्र एकाचे, परवाना परराज्यातला आणि हात तिसऱ्याचाच पोहोचला. त्याच्या आदल्याच आठवड्यात उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्याचा आरोप झाला. शस्त्र हे संरक्षणाचे साधन न राहता प्रतिष्ठेचे चिन्ह झाले, की त्याच्या जपणुकीची शिस्त सर्वप्रथम ढासळते.

नाक्यावरची तपासणी सैल करा, असे कोणी म्हणणार नाही. मे 2006 मध्ये चांदवड–मनमाड महामार्गावर पाठलाग करून पकडलेल्या शस्त्रसाठ्याने मोटारीतून काय वाहून नेता येते हे दाखवून दिले आहे. तथापि तपासणी सर्वांची सारखी हवी. लाल-निळ्या दिव्याच्या ताफ्याला सलाम आणि भाड्याच्या गाडीतील रक्षकाला ठाण्याचा रस्ता, हा न्याय नव्हे.

उपाय अवघड नाहीत. परवानाधारक नसताना मोटारीत शस्त्र ठेवू नये, हे नियमांत निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. अपवादासाठी वाहनाला कायम जोडलेली कुलूपबंद पेटी आणि काडतुसे वेगळी ठेवण्याची अट घालावी. प्रत्येक परवान्याला विशिष्ट ओळख क्रमांक आणि देशव्यापी माहितीसाठा आहेच. त्याची पडताळणी कोगनोळीच्या आणि होसकोट्याच्या शिपायालाही तत्काळ करता आली पाहिजे. रक्षक पुरवणाऱ्या संस्थेने परवान्याचे क्षेत्र वाढवून घेतल्याशिवाय परराज्यात नेमणूक करू नये आणि केल्यास दायित्व संस्थेचे मानावे.

आणि ज्या मराठी अधिकाऱ्यांपाशी परवान्याचे शस्त्र आहे, त्यांनी नियम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मोटारीतून उतरताना पिस्तूल बरोबर घ्यावे, ते शक्य नसेल त्या दिवशी घरच्या कुलपातच ठेवावे. आपल्या शस्त्राचे ओझे चालकाच्या माथी मारण्याचा अधिकार कोणत्याही परवान्याने कोणाला दिलेला नाही.