बापाचा हक्क आणि लेकराचें हित

‘नवरा म्हणून तो वाईट असेल, पण बाप म्हणून काय वाईट?’ मुलांच्या ताब्याचा वाद निघाला कीं, हा सवाल सुशिक्षितहि मोठ्या समजूतदारपणानें करितात. आमच्या मतें हा निव्वळ आंधळेपणा होय. आईच्या अंगावरचा प्रत्येक तडाखा दाराआड उभें असलेलें मूलहि सोसतच असतें.

कायदा येथें मुका नाहीं. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें अज्ञान मुलाचें हित सर्वोपरि ठरविलें. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याचें २१ वें कलम तर स्पष्टच बजावतें कीं, भेट मुलाच्या हितास बाधक होईल असें दंडाधिकाऱ्यास वाटल्यास त्यानें ती नाकारलीच पाहिजे. पण मुलाची भीति ‘आईची पढवणी’ म्हणून उडवून लावली, तर हें कलम काय करणार?

खोटे आरोपहि होतात, असें कोणी म्हणेल. होत असतील, म्हणूनच आधीं चौकशी हवी, आणि तोंवर भेट द्यावयाचीच तर ती तिऱ्हाइताच्या देखत व्हावी. खऱ्या बापास एवढा धीर जड जाऊं नये.